वजनकाट्याची फाइल, गोठणारी विंडो आणि अर्धवट नोंदी

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे पुढचे विवेचन इतरांनाही आपापल्या कामाला लावून पाहता येईल. तुर्भ्याला घाऊक बाजाराजवळच्या एका वजनकाट्यावर पुरवठादाराने दिलेला एक जुना प्रोग्रॅम चालतो. ट्रकचे भरलेले, रिकामे आणि निव्वळ वजन ठरले की तो प्रोग्रॅम एका टेक्स्ट फाइलच्या शेवटी एक ओळ जोडतो. तुम्ही पायथॉन आणि त्याचे विंडो बनवण्याचे साधन टीकिंटर वापरून विंडोजवर चालणारा दुसरा प्रोग्रॅम लिहिला आहे. तो ही फाइल वाचून शेवटची नोंद मोठ्या अक्षरांत दाखवतो आणि ऑपरेटरने बटन दाबले की पावती छापतो. तुमच्या तक्रारी तीन आहेत. सकाळी गाड्यांची रांग लागली की विंडो पांढरी पडते आणि वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे दिसते. कधीतरी निव्वळ वजनाचा आकडा अर्धाच येतो. आणि व्यापाऱ्यांच्या मराठी नावांत मधूनच काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह उमटते. इंटरनेटवर सापडलेले ‘क्रिएटफाइलहँडलर’ (फाइलवर काही आले की आपले फंक्शन चालवणारी टीकिंटरची सोय) विंडोजवर चाललेच नाही, तेव्हा आता काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

तुम्ही गोठणाऱ्या विंडोला पहिले स्थान दिले आहे. मी दुसऱ्या तक्रारीला देईन. विंडो गोठली तर ऑपरेटर वैतागतो, पण काहीतरी बिघडले आहे हे त्याला दिसते तरी. भरलेले वजन १८४६०, रिकामे ७९२० आणि निव्वळ १०५४० किलो अशी ओळ लिहिली जात असताना तुमच्या प्रोग्रॅमने ‘१०५’ एवढेच वाचले आणि तेच छापले, तर ती पावती कागदावर अगदी खरी दिसते. त्या पावतीवर कोणाच्या तरी मालाचे पैसे ठरणार असतात. म्हणून या उत्तरात सर्वांत जास्त जागा मी अर्धवट नोंदीला देणार आहे. मात्र तिन्ही तक्रारींचे मूळ समजण्यासाठी सुरुवात विंडोपासूनच करावी लागेल.

डेस्कटॉपवरचा कोणताही विंडो असलेला प्रोग्रॅम एका चक्राभोवती फिरत असतो, ज्याला आपण इव्हेंट लूप म्हणतो. माउसची क्लिक, कळ दाबणे, विंडो पुन्हा रंगवण्याची सूचना, टायमर संपणे, हे सारे एका रांगेत येऊन उभे राहते आणि लूप एकेक इव्हेंट उचलून तुमच्या फंक्शनच्या हवाली करतो. तुमचे फंक्शन परत येईपर्यंत पुढचा इव्हेंट उचलला जात नाही. विंडोजच्या बाबतीत मर्यादा ठरलेली आहे: एखाद्या विंडोने ५ सेकंद रांगेकडे पाहिलेच नाही, तर प्रणाली ती अडकली आहे असे मानते आणि तिच्या जागी पांढुरकी प्रत उभी करते. तुमच्या प्रोग्रॅममध्ये फाइल वाचणारे फंक्शन दर वेळी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते, हे तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून दिसते. महिन्याच्या सुरुवातीला फाइल लहान असते तेव्हा हे खपून जाते. महिनाअखेरीस, त्यातही फाइल दुसऱ्या संगणकाच्या सामायिक फोल्डरमध्ये असेल तर, खपत नाही.

यावर तुम्ही वाचनाच्या मधे मधे टीकिंटरचे ‘अपडेट’ हे फंक्शन बोलावून विंडो जिवंत ठेवण्याचा उपाय केला आहे. हा उपाय कृपया काढून टाका. ‘अपडेट’ बोलावले की रांगेतले सारे साचलेले इव्हेंट तिथेच, तुमचे वाचन अर्ध्यावर असतानाच, पार पाडले जातात. त्यात ऑपरेटरने अधीर होऊन दोनदा दाबलेले ‘पावती छापा’ हे बटनही असते. म्हणजे नोंद अर्धी बदललेली असताना छपाईचे फंक्शन दोनदा चालते. विंडोज फॉर्म्स आणि क्यूटी ही विंडो बनवण्याचीच दुसरी साधने; त्यांतील अनुक्रमे ‘डूइव्हेंट्स’ आणि ‘प्रोसेसइव्हेंट्स’ यांनाही हेच लागू आहे. असा दोष चाचणीत कधी सापडत नाही, कारण चाचणी करणारा माणूस शांतपणे एकदाच बटन दाबतो.

आता ‘क्रिएटफाइलहँडलर’कडे येतो, कारण ते का चालत नाही हे कळले की निम्मा गोंधळ मिटतो. टीकिंटरच्या पोटात टीसीएल भाषा आणि तिचे टीके हे साधन आहे. त्याचा जन्म युनिक्सवर झाला, जिथे पडद्याशी होणारे संभाषणसुद्धा एका फाइल डिस्क्रिप्टरमधून, म्हणजे उघड्या फाइलला किंवा जोडणीला प्रणालीने दिलेल्या क्रमांकातून, चालते. इव्हेंट लूप त्या डिस्क्रिप्टरवर ‘सिलेक्ट’ (यादीतल्या कशावर काही आले का, हे विचारणारी प्रणालीची सोय) लावून थांबलेलाच असतो. त्याच यादीत आणखी एक डिस्क्रिप्टर घातला की त्यावर काही आले तरी लूप जागा होतो. विंडोजवर विंडोचे संदेश डिस्क्रिप्टरमधून येतच नाहीत, ते स्वतंत्र संदेशरांगेतून येतात, म्हणून ही सोय तिथे उपलब्ध नाही आणि पायथॉनच्या अधिकृत दस्तऐवजातही तसे स्पष्ट लिहिले आहे. परंतु तुम्ही उद्या लिनक्सवर गेलात तरी या कामासाठी ती उपयोगी पडणार नाही. डिस्कवरची साधी फाइल ‘सिलेक्ट’च्या दृष्टीने नेहमीच वाचायला तयार असते. फाइलच्या अखेरीला पोहोचलेले असलात तरी ‘तयार आहे’ असेच उत्तर मिळते, कारण अखेर आली हे सांगायलाही थांबावे लागत नाही. ‘सिलेक्ट’सारखेच काम करणारे लिनक्सचे ‘ईपोल’ तर साधी फाइल यादीत घ्यायलाच नकार देते.

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देऊन बसतो. पाइप (दोन प्रोग्रॅममधली नळी), सॉकेट (नेटवर्कची जोडणी) किंवा सिरीयल पोर्ट (यंत्राशी तारेने होणारी जोडणी) यांवर बाइट येऊन पोहोचले, हा एक इव्हेंट. डिस्कवरच्या फाइलमध्ये किंवा फोल्डरमध्ये कोणीतरी बदल केला, हा दुसरा. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या निगराणी यंत्रणेकडून येतो. आणि आपण स्वतः दुसऱ्या थ्रेडला, म्हणजे त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्याला, दिलेले वाचन किंवा लेखन पूर्ण झाले, हा तिसरा. तो आपला आपणच निर्माण करायचा असतो. तुम्हाला हवा आहे तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचा मेळ, आणि तुम्ही हात घातलात तो पहिल्या प्रकाराला. क्यूटी वापरणारे लोकही हमखास इथेच चुकतात: ‘क्यूफाइल’ला ‘रेडीरीड’ हा सिग्नल वारशाने मिळालेला दिसतो, म्हणून ते त्याला फंक्शन जोडून वाट पाहत बसतात, आणि साध्या फाइलसाठी तो सिग्नल कधीच येत नाही.

मग फाइल बदलल्याची सूचना मागावी, हे ओघानेच आले. विंडोजवर त्यासाठी ‘रीडडिरेक्टरीचेंजेस’, लिनक्सवर २००५ मध्ये कर्नल २.६.१३ पासून आलेले ‘आयनोटिफाय’, मॅकवर ‘एफएसइव्हेंट्स’ आणि या सर्वांवर पांघरूण घालणारी क्यूटी, जावा किंवा डॉटनेटमधील साधने आहेत. ती चांगली आहेत. पण त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. सूचना सांगते की काहीतरी झाले. झाले ते पूर्ण झाले, असे ती कधीच सांगत नाही. डॉटनेटच्या निगराणीत ‘क्रिएटेड’ हा इव्हेंट फाइल तयार होताच येतो, तिच्यात एकही बाइट नसतानासुद्धा, आणि मग एकामागून एक ‘चेंज्ड’ येत राहतात. थोड्या वेळात फार बदल झाले तर सूचनांचा बफर, म्हणजे त्यांची तात्पुरती साठवण, भरून वाहतो. डॉटनेटमध्ये तो मुळात ८१९२ बाइटचाच असतो. अशा वेळी काही सूचना हरवतात आणि संपूर्ण फोल्डर पुन्हा पाहण्याशिवाय गत्यंतर नसते. क्यूटीच्या निगराणीतली फाइल कोणी पुसून त्याच नावाची नवी ठेवली, तर तिच्यावरची नजर सुटते. आणि ‘आयनोटिफाय’ला नेटवर्क फोल्डरवर दुसऱ्या संगणकाने केलेले बदल कळतच नाहीत.

तुमच्या बाबतीत याहूनही थेट अडचण आहे. जुना प्रोग्रॅम फाइल दिवसभर उघडीच ठेवून तिच्या शेवटी लिहीत असेल, तर विंडोजवर फोल्डरच्या यादीतला आकार आणि बदलाची वेळ लगेच अद्ययावत होईलच असे नाही. कॅशमधला मजकूर डिस्कवर उतरेपर्यंत सूचनाही उशिरा येऊ शकते. फोल्डर उघडून पाहिले तर फाइल सकाळी नऊचीच दिसते, आणि आत मात्र साडेअकराच्या नोंदी असतात. फाइल प्रत्यक्ष उघडून तिच्या शेवटाला जाऊन आकार विचारला की खरा आकडा मिळतो.

म्हणून माझा सल्ला तुम्हाला कदाचित जुनाट वाटेल: निगराणी यंत्रणा सोडून द्या आणि दर अर्ध्या सेकंदाला फाइल स्वतः उघडून पाहा. ठरावीक अंतराने पाहण्याला प्रोग्रॅमर मंडळी उगाच नाक मुरडतात. एक फाइल सेकंदातून दोनदा उघडून तिचा आकार विचारणे हे आजच्या संगणकाला जाणवतही नाही, आणि एक ट्रक काट्यावर चढून, स्थिरावून, उतरेपर्यंत अर्धा मिनिट तरी जातोच. शेकडो फोल्डरांवर नजर ठेवायची असती तर मी वेगळे सांगितले असते, आणि तेव्हाही सूचनेच्या जोडीला दर मिनिटाची एक फेरी ठेवायला सांगितलीच असती.

आता पाहायचे म्हणजे नेमके काय करायचे? फाइल बायनरी पद्धतीने उघडा. मागच्या वेळी जिथपर्यंतचे वाचन पूर्ण झाले, ती जागा बाइटमध्ये लक्षात ठेवलेली असू द्या. नवा आकार त्या जागेहून मोठा असेल तर तिथून पुढचे बाइट वाचा, आणि त्यांत शेवटचे नवओळ चिन्ह, म्हणजे १० हा बाइट, कुठे आहे ते शोधा. तिथपर्यंतच्या ओळी पूर्ण आहेत, त्या घ्या. त्यानंतरचे उरलेले तुकडे टाकून द्यायचे नाहीत आणि वापरायचेही नाहीत. लक्षात ठेवलेली जागा शेवटच्या नवओळीच्या लगेच पुढे ठेवा, म्हणजे पुढच्या फेरीत ते आपोआप पुन्हा वाचले जातील. नवा आकार जुन्या जागेहून लहान आढळला, तर नव्या दिवसाची किंवा नव्या महिन्याची फाइल सुरू झाली असे समजून शून्यापासून आरंभ करा. तुमची ‘१०५’ ही नोंद या एका नियमाने थांबेल, कारण ‘१०५’नंतर नवओळ आलेली नसते. जुना प्रोग्रॅम एकेक ओळ लिहितो असे तुम्हाला वाटत असले, तरी त्याच्या खालचे ग्रंथालय बहुधा ४०९६ किंवा ८१९२ बाइटचे गठ्ठे करून लिहीत असते, आणि गठ्ठ्याची कड ओळीच्या कडेशी जुळेलच याची हमी कोणी दिलेली नसते.

जोडीला भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा करून निव्वळ वजन जुळते का, हेही तपासा. १८४६० वजा ७९२० बरोबर १०५४० येत नसेल तर ती नोंद लाल रंगात दाखवा आणि छपाईचे बटन बंद ठेवा. पण ही तपासणी नवओळीच्या नियमाची जागा घेऊ शकत नाही. गाडी क्रमांक अर्धा आला तर वजाबाकी बिचारी काय करणार?

मराठी नावांतले प्रश्नचिन्ह याच नियमाने जाते, आणि ते कसे हे पाहण्यासारखे आहे. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटच्या रूपात लिहिण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘ठाणे’ या शब्दात ठ, काना, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट. तुम्ही ४०९६ बाइटचा तुकडा वाचता तेव्हा, सलग देवनागरी असेल तर, १३६५ चिन्हे पूर्ण मावतात आणि पुढच्या चिन्हाचा एकच बाइट हाती उरतो. त्या एका बाइटचे अक्षर होत नाही, म्हणून प्रश्नचिन्ह उमटते. पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीचे दोन बाइटही तसेच निराधार होतात. यूटीएफ-८ ची रचना अशी आहे की अनेक बाइटच्या चिन्हातला प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो, त्यामुळे १० हा बाइट कोणत्याही मराठी अक्षराच्या पोटात लपलेला असू शकत नाही. म्हणून आधी बाइटच्या पातळीवर नवओळीपाशी तोडायचे आणि मगच अक्षरांत रूपांतर करायचे, हा क्रम पाळला की अर्धी ओळ आणि अर्धे अक्षर हे दोन्ही दोष एकदमच जातात. ओळी नसलेला मजकूर असेल तर बाइटचे अक्षरांत रूपांतर करणारा, पायथॉनचा टप्प्याटप्प्याने चालणारा डिकोडर वापरावा, जो उरलेले बाइट स्वतःजवळ जपून ठेवतो.

मात्र जुना प्रोग्रॅम खरोखर यूटीएफ-८ मध्येच लिहितो का, हे आधी पाहून घ्या. यूटीएफ-१६ असेल तर वरचा नियम उलटेल. त्या पद्धतीत ‘ऊ’ या अक्षराचा क्रमांक सोळाच्या मोजणीत (हेक्स) ०९०ए असल्याने, आणि त्या मोजणीत ०ए म्हणजे १० असल्याने, त्याच्या दोन बाइटपैकी एक नेमका १० असतो. म्हणजे मालाच्या नावात ‘ऊस’ आला की तुमची ओळ मधेच तुटेल, आणि कांदा, बटाटा, लसूण यांच्या नोंदी मात्र बिनबोभाट चालत राहतील. असा दोष शोधायला माणसाचे आठवडे जातात. पडद्यावरच्या बिघाडाच्या रूपावरूनही बरेच ओळखता येते. मधूनच एखादे प्रश्नचिन्ह दिसणे म्हणजे बाइट तुटले आहेत. सगळीच नावे मात्राचिन्हे लावलेल्या रोमन अक्षरांची रांगोळी झाली असतील तर फाइल उघडताना एन्कोडिंग दिलेलेच नाही, आणि पायथॉनने विंडोजची स्थानिक पद्धत गृहीत धरली आहे. साधीच पण निरर्थक रोमन अक्षरे दिसत असतील तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टंकलेला आहे, आणि तिथे डिकोडर नव्हे तर त्या फॉन्टचा परिवर्तक लागेल.

हे सारे वाचन मुख्य थ्रेडवर करायचे नाही. एक वेगळा थ्रेड ठेवा. तो फाइल पाहील, पूर्ण ओळी वेगळ्या काढील आणि तयार नोंदी पायथॉनच्या ‘क्यू’मध्ये टाकील. त्या थ्रेडने टीकिंटरच्या कोणत्याही घटकाला हात लावायचा नाही, एखादे लेबल बदलण्यापुरतासुद्धा नाही. मुख्य थ्रेडमध्ये ‘आफ्टर’ वापरून दर १०० मिलिसेकंदांनी ती रांग रिकामी करा. रांगेत एकदम पाचशे नोंदी आल्या, जसे प्रोग्रॅम सकाळी सुरू होताना येतील, तर पाचशे वेळा पडदा रंगवू नका. सगळ्या नोंदी यादीत घाला आणि शेवटची एकदाच दाखवा. पुष्कळ लोक वाचन दुसऱ्या थ्रेडवर नेतात आणि तरीही विंडो अडखळतेच अशी तक्रार करतात. तिथे दोष बहुधा वाचनाचा नसतो, ओळीगणिक पडदा बदलण्याचा असतो. डॉटनेटमध्ये या कामाला ‘बिगिनइन्व्होक’, जावाच्या स्विंगमध्ये ‘स्विंगवर्कर’ आणि क्यूटीमध्ये रांगेतून जाणारे सिग्नल आहेत, तत्त्व तेच.

फाइल उघडताना दुसऱ्याच्या लेखनाला आपण आडवे जात नाही ना, हेही पाहायला हवे. विंडोजवर फाइल उघडणारा प्रत्येक प्रोग्रॅम इतरांना काय करू देणार हे ठरवून उघडतो. पायथॉनचे नेहमीचे ‘ओपन’ इतरांना वाचू आणि लिहू देते, पण फाइलचे नाव बदलू किंवा ती पुसू देत नाही. म्हणून उघडा, वाचा आणि लगेच बंद करा. डॉटनेटमध्ये ‘ओपनरीड’ इतरांना केवळ वाचू देते. तुमचा प्रोग्रॅम आधी पोहोचला तर त्या क्षणी काट्याच्या प्रोग्रॅमला नोंद लिहिताच येणार नाही, आणि त्याच्या लेखकाने ही शक्यता धरलेली नसेल तर ती नोंद कायमची गेली. तिथे वाचन-लेखन दोन्ही मोकळे ठेवणारा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो. उलट बाजूने तुम्हालाच कधी परवानगी नाकारली गेली, तर तो दोष मानून संदेशपेटी दाखवू नका. अर्ध्या सेकंदाने पुन्हा प्रयत्न करा.

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छपाई कारखान्यासाठी मी बऱ्याच वर्षांपूर्वी एक प्रोग्रॅम लिहिला होता. डिझायनर एका फोल्डरमध्ये पीडीएफ टाकत आणि प्रोग्रॅम ती उचलून छपाईच्या रांगेत लावत असे. त्या धंद्यात याला हॉट फोल्डर म्हणतात. पहिल्या आठवड्यात मोठ्या फाइली अर्ध्यावरच उचलल्या जाऊ लागल्या, तेव्हा मी ‘आकार दोन सेकंद बदलला नाही तर फाइल पूर्ण’ असा नियम घातला आणि निर्धास्त झालो. मग एका संध्याकाळी नेटवर्क मंदावले, कॉपी मधेच काही सेकंद थबकली, आणि एका लग्नपत्रिकेची फाइल अपुरी असतानाच पुढे गेली. त्यातच विंडोजवर कॉपी करताना पूर्ण आकार सुरुवातीलाच राखून ठेवला जातो असे पुष्कळदा घडते, तेव्हा आकार स्थिर असणे हा पुरावाच नव्हे. शेवटी आम्ही डिझायनरच्या बाजूला एक छोटे साधन दिले, जे फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहीत असे आणि मगच तिचे नाव बदलत असे. माझा प्रोग्रॅम तात्पुरत्या नावांकडे पाहतच नसे. त्यानंतर ती तक्रार पुन्हा आली नाही. तेव्हापासून मी हे मानतो की ‘पूर्ण झाले’ हे लिहिणाऱ्यानेच सांगायचे असते, वाचणाऱ्याने कितीही हुशारीने अंदाज बांधला तरी तो अंदाजच राहतो. तुमच्या फाइलमध्ये ही खूण नवओळीच्या रूपाने सुदैवाने आधीच आहे.

लिहिण्याच्या बाजूलाही तोच नियम पाळा. तुमचा प्रोग्रॅम वाचनाची जागा आणि छापलेल्या शेवटच्या पावतीचा क्रमांक कुठेतरी साठवणारच. ती फाइल जागच्या जागी पुसून पुन्हा लिहू नका, कारण पावसाळ्यात नेमकी त्या क्षणी वीज गेली तर हाती रिकामी फाइल उरते. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, ‘एफसिंक’ करून डिस्कवर उतरवा आणि मग ‘रिप्लेस’ने जुन्या नावावर बसवा. विंडोजवर अँटिव्हायरसने फाइल क्षणभर धरून ठेवल्यामुळे हे बदलणे अधूनमधून फसते; चार-पाच वेळा थोड्या अंतराने प्रयत्न करावा. क्यूटीमध्ये हेच काम ‘क्यूसेव्हफाइल’ करते. वाचनाची जागा पुढे सरकवायची ती नोंद पूर्ण हाताळून झाल्यावरच, आणि पावती क्रमांक पाहून आधी घेतलेली नोंद दुसऱ्यांदा आली तर सोडून द्यायची. म्हणजे मधेच बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर नोंद चुकणार नाही आणि दुबारही होणार नाही. विंडो बंद करण्याच्या बटनावर चालू असलेले लेखन संपेपर्यंत थांबण्याची व्यवस्था ठेवा. आणि दुसऱ्या थ्रेडला लिहायला द्यायचा तपशील त्याला देण्यापूर्वी मुख्य थ्रेडवरच त्याची प्रत काढा, नाहीतर तो लिहीत असताना ऑपरेटर त्याच रकान्यात टंकत असेल.

फाइल सामायिक फोल्डरमध्ये असेल आणि तो दुसरा संगणक बंद पडला, तर फाइल उघडण्याची विनंतीच अनेक सेकंद अडकून राहू शकते आणि ती मधेच रद्द करणे सोपे नसते. थ्रेड वेगळा असल्याने विंडो चालू राहील, पण त्यामुळेच एक नवा धोका उभा राहतो: पडद्यावर जुना आकडा ताजा असल्यासारखा दिसत राहतो. म्हणून वजनाच्या खाली ‘शेवटचे वाचन सकाळी १०:४२’ अशी वेळ कायम दाखवा आणि ५ सेकंदांत यशस्वी वाचन झाले नाही तर आकडा करडा करा. मागच्या ट्रकचे वजन पुढच्या ट्रकच्या पावतीवर जाणे, हे अर्ध्या आकड्याइतकेच वाईट.

पुढे कधी जुना प्रोग्रॅम बाजूला ठेवून काट्याच्या इंडिकेटरला (वजन दाखवणाऱ्या यंत्राला) थेट सिरीयल पोर्टने जोडायचे ठरले, तर तिथे पहिल्या प्रकारचे इव्हेंट खरोखर कामाला येतात. ९६०० बॉड या वेगाला, नेहमीच्या मांडणीत, सेकंदाला सुमारे ९६० बाइट येतात, म्हणजे एका बाइटला साधारण एक मिलिसेकंद. साहजिकच ‘वाचायला तयार’ हा इव्हेंट ओळ अर्धी असतानाच येतो आणि नवओळीपर्यंत साठवण्याचा तोच नियम लागतो. पाइपवरून दुसऱ्या प्रोग्रॅमचे आउटपुट घेत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. तो प्रोग्रॅम संपल्यावर पाइप ‘वाचायला तयार’ असेच सतत कळवत राहतो, तेव्हा शेवट दिसताच हँडलर, म्हणजे त्या इव्हेंटला जोडलेले फंक्शन, काढून टाका, अन्यथा प्रोसेसर शंभर टक्के व्यापला जाईल. आणि त्याच्या त्रुटीसंदेशांचा पाइपही वाचत राहा. लिनक्सवर एका पाइपमध्ये साधारणपणे ६५५३६ बाइट मावतात, तो भरला की तो प्रोग्रॅम लिहिता लिहिता थांबतो आणि तुम्ही त्याची, तो तुमची वाट पाहत बसता. ‘लिहायला तयार’ या इव्हेंटचा हँडलर तर पाठवायला काही शिल्लक असेपर्यंतच लावून ठेवावा.

चाचणीसाठी खऱ्या काट्याची वाट पाहू नका. एक छोटा प्रोग्रॅम लिहा, जो तुमच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळ तीन-तीन नव्हे, तर मुद्दाम दोन-दोन बाइटने, मधे २०० मिलिसेकंद थांबत लिहील. दोनने तोडल्यामुळे मराठी अक्षरे हमखास मधे तुटतील. तो चालू असताना ‘पावती छापा’ हे बटन दहा वेळा भराभर दाबा. मग नेटवर्कची तार काढा, एक मिनिटाने लावा. मग फाइल रिकामी करून पुन्हा सुरू करा. मालाच्या नावांत ‘ऊस’ ठेवायला विसरू नका. प्रत्येक वेळी पडद्यावर आलेल्या नोंदी आणि फाइलमधल्या पूर्ण ओळी यांची संख्या जुळली पाहिजे.

पुरवठादाराला एवढेच विचारा की त्यांचा प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीनंतर बफर रिकामा करतो का, आणि एन्कोडिंग कोणते वापरतो. उत्तर मिळाले नाही तरी अडून राहू नका; वजाबाकीत न जुळणारी प्रत्येक ओळ तिच्या बाइटसकट आणि वेळेसकट वेगळ्या फाइलमध्ये जशीच्या तशी लिहून ठेवा. पंधरवडाभराच्या अशा ओळी समोर मांडल्या की दोष तुमच्याकडे आहे की त्यांच्याकडे, हे दोघांनाही एकत्र बसून पाहता येईल.